मिरची एकटीच बरी: दोन इग्वाना एका पिंजऱ्यात ठेवावेत का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका ताईंचा इग्वानाबद्दल, म्हणजे घरी पाळल्या जाणाऱ्या मोठ्या परदेशी सरड्याबद्दल, प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "आमच्याकडे तीन वर्षांची इग्वाना आहे, नाव मिरची. भाचा नोकरीसाठी पुण्याला चाललाय, तिथला घरमालक प्राणी ठेवू देत नाही. त्यामुळे त्याचा आठ महिन्यांचा इग्वाना आता आमच्याकडे येणार. पिंजरा एकच आहे, पाच फूट लांब, अडीच फूट खोल, पाच फूट उंच. मिरची दिवसभर एकटीच असते, तिलाही सोबत होईल असं वाटतं. सुरुवातीला भांडतील, मग आपोआप जमेल, असं सगळे सांगतात. ठेवू का दोघांना एकत्र?"

ताई, नका ठेवू. एक दिवससुद्धा नको. "बघू तरी काय करतात" म्हणूनही नको. कारणं सविस्तर सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं की माणूस चार दिवसांनी हळूच करून बघतोच.

त्याआधी एक गंमत. तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून बघितले. जबड्याच्या दोन्ही बाजूंना फुगलेले गाल, मानेवरचे उंच काटे, आणि मांडीच्या आतल्या बाजूने ओळीत बसलेली मेणाच्या टोकांसारखी रंध्रं. मादीलाही रंध्रं असतात, पण ती बारीक ठिपक्यांएवढी. ही चांगली टपोरी आहेत. तुमची मिरची बाई नाही, बुवा आहे. नाव राहू द्या, त्याला काही फरक पडत नाही. आपल्या हिशेबात मात्र फरक पडतो. भाच्याचं पिल्लू नर की मादी हे आठ महिन्यांत खात्रीनं सांगता येत नाही, साधारण दीड-दोन वर्षांचं झाल्यावर दिसायला लागतं. म्हणजे घरात एक वयात आलेला नर आहे आणि त्याच्याच पिंजऱ्यात आपण कदाचित दुसरा नर सोडतोय.

मी मूळचा म्हशींचा डॉक्टर. करवीर आणि पन्हाळा भागातले गोठे फिरण्यात उमेदीची वर्षं गेली, सरपटणाऱ्या प्राण्यांकडे नंतर वळलो. त्यामुळे समजावताना गोठाच आठवतो. दावणीला बांधलेल्या म्हशी बघा. प्रत्येकीला आपलं घमेलं, आपली वैरण, आपली जागा. त्याच म्हशी मोकळ्या सोडा आणि पेंड एकाच ठिकाणी टाका. एखादी दांडगी म्हैस नुसती मान वळवून बघते आणि शेजारची मागं सरकते. शिंग लागत नाही, रक्त येत नाही, ओरडा नाही. मालक म्हणतो, आमच्या गोठ्यात भांडणं नाहीत. आणि महिनाभरानं मला फोन येतो की ती एक म्हैस का वाळत चाललीय बघा. इग्वानाचंही हेच आहे. फरक एवढाच की म्हैस दुधाला कमी पडली की दोन दिवसांत कळतं. इग्वाना सहा महिने काही दाखवत नाही, आणि दाखवतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

इग्वानाच्या जगात भांडायची वस्तू म्हणजे दिव्याखालची जागा. अन्नापेक्षासुद्धा ती मोठी. त्याचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही, ऊब बाहेरून घ्यावी लागते. तो पूर्ण शाकाहारी आहे, आणि खाल्लेला पाला मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात तेव्हा कुठं अंगी लागतो. शरीर तापलं नाही तर ते जिवाणू काम करत नाहीत, पाला पोटात नुसता पडून राहतो. त्याच जागी वरून अतिनील किरणांचा दिवा असतो. त्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते असेल तर खाल्लेलं कॅल्शियम शोषलं जातं, नाहीतर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं. म्हणजे दिव्याखालची हातभर फांदी हीच त्याची चूल, हेच त्याचं औषध. ती ज्याच्या ताब्यात, तो वाढतो. दुसरा समोर पाल्याचं ताट भरलेलं असूनही उपाशी राहतो, कारण खाल्लेलं पचत नाही, मग भूकच मरते.

आणि ही फांदी बळकवायला मारामारी लागत नाही. डोकं वरखाली हलवणं, गळ्याखालचा पडदा ताणणं, अंग बाजूनं चपटं करून मोठं दाखवणं, एवढ्यावर काम भागतं. आपण त्याला "मान डोलावतोय, खुशीत आहे" म्हणतो. समोरच्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे डोळ्यासमोर येईल. दहा-एक वर्षांपूर्वी शाहूपुरीतले एक गृहस्थ एक छोटा इग्वाना घेऊन आले. तक्रार एवढीच की वाढत नाही. बरोबर त्याचा भाऊही आणला होता, तुलना दाखवायला. एकाच दिवशी, एकाच डब्यातून आणलेली दोन पिल्लं. किचनचा डिजिटल काटा टेबलावर ठेवला. एक ३४० ग्रॅम, दुसरा १२५. लहान्याच्या कंबरेची हाडं कातडीतून वर आलेली, शेपटीचं मूळ बोटाएवढं बारीक. खालचा जबडा अंगठ्यानं हलकेच दाबला तर रबरासारखा आत गेला. हाडं मऊ पडली होती. पुढच्या पायाची बोटं अधूनमधून थरथरत होती, ते कॅल्शियम संपत आल्याचं लक्षण.

गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, खायला दोघांना सारखंच. आणि भांडण तर अजिबात नाही हो. उलट एवढं प्रेम, की दिवसभर एकमेकांच्या अंगावर पडून असतात."

मी विचारलं, "वर कोण असतं?"

ते जरा थांबले. "मोठाच असतो वर. नेहमी."

त्या एका वाक्यात सगळं निदान होतं. मोठा वर चढून दिवा घेत होता, लहाना त्याच्या सावलीत. वरच्याला ऊब, वरच्याला किरणं. खालचा तिथून हलत नव्हता, कारण हलून जायचं कुठं, दिवा तर तेवढाच एक. फोटोत मात्र ते मायेनं बिलगलेले दिसायचे. त्या गृहस्थांच्या मोबाईलचा वॉलपेपरच तो होता.

लहान्याला वेगळा पिंजरा, कॅल्शियम, तापमान, दिवा असं सगळं केल्यावर तीन महिन्यांत वजन चांगलं चढलं. जबडा तेवढा कायमचा आखूड आणि वाकडा राहिला. त्यानंतर मी हाताखालच्या मुलांना सांगून ठेवलंय, दोन इग्वाना एकत्र असल्याचं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न तोच विचारायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग जंगलात कशी राहतात? प्रश्न रास्त आहे. हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले प्राणी, आणि त्यांची पिल्लं खरंच टोळीनं राहतात. पनामात गॉर्डन बर्गहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्यांतून निघालेली पिल्लं जमिनीतल्या बिळाच्या तोंडाशी थांबतात, एकमेकांना चाटतात, मग घोळक्यानं निघतात, असं बघून १९७७ साली प्रसिद्ध केलं होतं. पण ती पिल्लं आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर पक्षी, खाली साप. घोळक्यात असलं तर जगायची शक्यता जास्त. मोठी झाली की पांगतात. वयात आलेला नर आपला झाडाचा भाग राखतो, आणि हरलेला दुसऱ्या फांदीवर, दुसऱ्या झाडावर, नदीपलीकडं जाऊ शकतो. ऊन सगळीकडं फुकट पडलेलं असतं. पाच फुटांच्या पिंजऱ्यात नदीपलीकडं असं काही नसतं. हरलेला रोज सकाळी उठून त्याच जिंकणाऱ्याचं तोंड बघतो.

दुसरं, सोबत. ताई, रागावू नका, पण एकटेपणा हा आपला आहे, त्याचा नाही. तुम्ही सगळे कामावर गेल्यावर मिरची कंटाळत नसते. अंग तापवून घेत, अर्धे डोळे मिटून, खाल्लेलं पचवत पडलेली असते, आणि तेच तिचं दिवसभराचं काम. (मी पण मिरचीला "ती"च म्हणतोय बघा, सवय लागली.) त्याला करमत नाहीसं वाटलं तर फांद्यांची मांडणी बदला, जास्वंदीचं फूल उंच अडकवून द्या, संध्याकाळी खोलीत सोडा. ही त्याला समजणारी करमणूक.

नर-नर जोडी कोणत्याच परिस्थितीत नाही. इचलकरंजीच्या एका घरात दोन नर दोन वर्षं "गुण्यागोविंदानं" राहिले. डिसेंबरात एका सकाळी घरच्यांनी बघितलं तर शेपटीचा वीतभर तुकडा पिंजऱ्याच्या तळाशी, आणि तो अजून वळवळत होता. दोघांचेही रंग नारिंगी झालेले, म्हणजे माजाचा हंगाम. एकाची दोन बोटं गेली होती. इग्वानाचे दात बारीक करवतीसारखे असतात, चावा घेऊन डोकं झटकलं की कातडं फाटतं. तो सांभाळला, टाके घातले, बरा झाला असं वाटलं. महिन्याभरानं गालावर गाठ घेऊन परत आला. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट होतो. सुई लावून ओढला तर येत नाही, भूल देऊन कापून काढावा लागतो. मालकाला मी ती वाटीत काढून दाखवली. त्याच दिवशी त्यानं दुसऱ्या पिंजऱ्याची ऑर्डर दिली. दोन वर्षं काही झालं नव्हतं, या गोष्टीला म्हणून मी फार किंमत देत नाही. लहान असताना भांडायचं कारणच नव्हतं. वयात आले, हंगाम आला, की एका म्यानात दोन तलवारी.

नर आणि मादी ठेवू का, असं बरेच जण विचारतात, विशेषतः ज्यांना पिल्लं विकायची स्वप्नं पडतात ते. नर मादीच्या मानेचा चावा धरून मिलन करतो. मोकळ्या जागेत तिला नको असेल तर ती निघून जाते. पिंजऱ्यात रोज तोच चावा, त्याच जागी. मानेवरची कातडी सोललेल्या माद्या मी बघितल्यात. त्यावर अंडी. मादी नर नसतानाही अंडी घालू शकते, पण नर असला की ते हमखास. एका वेळेला वीस ते साठ-सत्तर अंडी, आणि प्रत्येकाच्या कवचासाठी कॅल्शियम तिच्याच हाडांतून निघणार. खणायला खोल ओलसर मातीची पेटी नसेल तर ती अंडी धरून बसते, खाणं सोडते, आणि वेळेत शस्त्रक्रिया नाही झाली तर जाते. दोन माद्या त्यातल्या त्यात निभावतात म्हणतात. निभावतात खऱ्या, पण तिथंही एक वर आणि एक खाली असतेच.

तुमच्या बाबतीत तर वयाचंही अंतर आहे. तीन वर्षांच्या नरासमोर आठ महिन्यांचं पिल्लू म्हणजे खासबागेच्या मैदानात शाळकरी पोराला हिंदकेसरीपुढं उभं करण्यासारखं. इथं चितपट झाल्यावर सोडून देत नाहीत. एक चावा पोटावर किंवा डोक्यावर बसला तर खेळ तिथंच संपतो.

दबलेला प्राणी ओळखायचा कसा, हे तुम्हाला पुढंही उपयोगी पडेल, कारण भिंतीपलीकडचा इग्वानासुद्धा दुसऱ्याला दाबू शकतो. रंग मळकट, काळपट होतो. दिवसा भरदुपारी डोळे मिटून बसतो, आणि आपल्याला वाटतं झोपलाय. इग्वानाला नको असलेलं काही समोर आलं की तो डोळे मिटून घेतो. लहान पोरं तोंडावर पांघरूण घेतात ना, तसंच. मालकानं हातात घेतल्यावर डोळे मिटले तर लोक फोटो काढून "किती शांत वाटतंय त्याला" लिहितात. नाक काचेवर, जाळीवर घासून घासून टोकाला जखम होते. विष्ठा कमी होते. तो जमिनीलगत कोपऱ्यात बसतो, तर निरोगी इग्वाना उंचावर बसायला बघतो. नाकाशी पांढरी पापडी दिसली तर तिला घाबरू नका. जादा मीठ तो शिंकून बाहेर टाकतो, ते रोजचंच आहे.

पण या सगळ्यापेक्षा वजन बघा. एक वही करा. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, पिल्लू किचनच्या काट्यावर आणि मिरची मोठ्या काट्यावर. तारीख आणि आकडा, बस. वाढत्या वयाच्या पिल्लाचा आकडा तीन रविवार जागचा हलला नाही तर काहीतरी बिघडलंय. डोळ्यांना ते दिसायच्या दोन महिने आधी वहीत दिसतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी वही आणणारे फार थोडे, आणि त्यांचे प्राणी सहसा वाचतात.

आता करायचं काय. पिल्लू येणार हे ठरलंच असेल तर त्याला वेगळा पिंजरा, आणि पहिले तीन महिने वेगळी खोलीच. आल्या आल्या विष्ठा तपासून घ्या. पोटात सुईसारखे बारीक कृमी निघणं सर्रास आहे, आणि अंगावर माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, असतील तर मांडीच्या घडीत, डोळ्यांच्या कडेला लालसर-काळे ठिपके फिरताना दिसतील. आधी मिरचीचं करायचं, मग पिल्लाचं, आणि मध्ये हात साबणानं धुवायचे. भांडी, फडकी अदलाबदल करायची नाहीत. साल्मोनेला हा जंतू धडधाकट इग्वानाच्या आतड्यातही असतो. घरात पाच वर्षांखालचं लेकरू किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर पिंजरा स्वयंपाकघरात नको, आणि त्याची पाण्याची भांडी घरच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत.

तीन महिन्यांनंतरही दोघे एकमेकांना दिसता कामा नयेत. हे लोक विसरतात. दोन पिंजरे समोरासमोर ठेवले की भांडण चालूच राहतं, फक्त मधे जाळी येते. वयात आलेला नर हंगामात काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर धावून जातो, कपाटाच्या आरशाला शेपटीनं फटके मारतो, तिथं खरा दुसरा इग्वाना दिसला तर विचारूच नका. मधे पुठ्ठा लावा, पडदा लावा, किंवा एक हॉलमध्ये आणि एक आतल्या खोलीत. सोडायच्या वेळाही वेगळ्या. पिल्लू ज्या फरशीवरून फिरलंय तिथं मिरचीनं जीभ लावून बघितलं की मान डोलवायला लागेल, ते चालतं. समोरासमोर नाही.

पिंजऱ्याच्या मापाचं बोलायचं तर तुमचा पाच फुटांचा पिंजरा मिरची पूर्ण वाढला की त्याच्या एकट्यालाच कमी पडणार आहे. मोठा नर शेपटीसकट पाच-सहा फूट होतो. सहा फूट लांब, तीन फूट खोल, सहा फूट उंच हे एकाचं किमान माप धरा. आपल्याकडे सुतार आणि फॅब्रिकेटरवाले करून देतात, जाळी मात्र वेल्डेड आणि कोटिंगवाली घ्या, नखं अडकतात. तुमचा आत्ताचा पिंजरा पिल्लाला द्या आणि नवा मिरचीला करा, हे सगळ्यात स्वस्तात जमेल. दिव्याखाली ३५ ते ३८ अंश, बाकी पिंजऱ्यात २७ ते ३२, रात्री २३ च्या खाली नको. हाताला गरम लागतंय म्हणजे ठीक, असं नाही. शंभर-दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर लावा. अतिनील ट्यूब प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र, आणि ती वर्षभरात बदलायची, कारण उजेड दिसत राहतो पण किरणं संपलेली असतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही, काच ती किरणं अडवते.

खर्चाचं स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर गडबड नको. १०० वॅटचा दिवा बारा तास म्हणजे रोज १.२ युनिट, ३९ वॅटची ट्यूब बारा तास म्हणजे जवळपास अर्धा युनिट. एका पिंजऱ्याचे महिन्याला पन्नासेक, दोघांचे शंभर युनिट. घरचं वापरणं धरलं की शंभर युनिटांच्या पुढच्या चढ्या दरात तुम्ही जाणारच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १५ च्या आसपास येतो, तेव्हा सिरॅमिक हीटर वेगळा. भाच्याला म्हणावं, पिल्लाच्या लाईटबिलाचा वाटा तू दे. नोकरी लागलीय ना.

मार्च ते मे आपलं ऊन फुकटात मिळतं, ते घ्या. गच्चीवर जाळीचा पिंजरा, अर्धा भाग सावलीत, शेजारी माणूस बसलेला. काचेची पेटी उन्हात कधीच नको, पाच मिनिटांत आतला प्राणी शिजतो. गच्चीवर मिरची अचानक दबून बसला तर वर बघा, घार असेल. डोक्याच्या मधोमध जो फिकट खवला दिसतो तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण वरून गेलेली सावली कळते. खरी अडचण पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर आठ-आठ दिवस ऊन नाही, आणि लाईट गेली की गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीला महामार्ग पाण्याखाली होता, औषधं यायची बंद, कित्येक भागांत वीज नव्हती. एका कुटुंबानं त्यांचा इग्वाना शेकायच्या पिशवीशेजारी टॉवेलात गुंडाळून तीन दिवस काढला, आणि मी फोनवरून एवढंच सांगत होतो की अंग गार असताना खायला घालू नका, पोटात कुजेल. इन्व्हर्टरवर पंख्याआधी हीटर लावायची तयारी ठेवा.

खाण्यात दोघांत फरक नाही. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत जे मिळतं त्यावर मजेत भागतं. शेवग्याचा पाला, हादग्याचा पाला, मेथी, तुतीची पानं मिळाली तर उत्तम, जोडीला किसलेला लाल भोपळा, घेवडा, दोडका, वर एखादं जास्वंदीचं फूल. पालक, माठ, चाकवत रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अंडं, चिकन, कुत्र्याचं खाणं अजिबात नाही. "कोल्हापूरचा आहे, थोडा तांबडा रस्सा चालतोय की" असं म्हणून हसणारे एक काका होते. त्यांच्या इग्वानाची किडनी सहाव्या वर्षी गेली. फक्त ताटं दोन, आणि दोन खोल्यांत.

कागदपत्रांचंही बघून घ्या. हिरवा इग्वाना साइटिस कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे परदेशी प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदवावे लागतात. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला, मेला, पिल्लं झाली, तरी कळवावं लागतं. भाच्याचं पिल्लू तुमच्याकडे येणं म्हणजे हस्तांतरच. त्याची नोंद आहे का ते आधी विचारा, नसेल तर वन विभागात जाऊन मार्ग विचारा, लपवत बसू नका. शेजारीपाजारी "घोरपड पाळलीय" म्हणून कुजबुजणार हे नक्की. घोरपड आपली देशी, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली, ती पाळणं गुन्हा आहे. तुमच्याकडचा प्राणी वेगळा हे दाखवायला तो कागदच कामाला येतो.

आणि दुसरा पिंजरा, दुसरी जागा, दुप्पट बिल हे जमणारच नसेल तर आत्ताच तसं भाच्याला सांगा. नोंदीसकट घेणारा जाणता माणूस शोधायला महिना-दोन महिने लागतात. तोवर पुण्यातच कुणा मित्राकडे सोय होते का बघा. रंकाळ्याच्या काठावर नाहीतर पन्हाळ्याच्या झाडीत "निसर्गात" सोडून द्यायचा विचार मनात आणू नका. फ्लोरिडात आणि पोर्टो रिकोत पाळलेल्या आणि सुटलेल्या इग्वानांनीच आज उच्छाद मांडलाय. इथल्या थंडीत तुमचं पिल्लू तसंही तग धरेल असं नाही.

पिल्लू आलं की आठवड्याभरात दोघांना एकदा तपासायला घेऊन या. प्रत्येकाला वेगळ्या उशीच्या अभ्र्यात घाला, तोंडाला गाठ मारा, अंधारात ते गप्प पडून राहतात. दोन अभ्रे दोन वेगळ्या पिशव्यांत, रिक्षात एक तुमच्या मांडीवर आणि एक भाच्याच्या. बरोबर दोघांची ताजी विष्ठा डबीत, आणि ती वही. पहिल्या पानावर आजचीच तारीख घालून मिरचीचं वजन लिहून ठेवा.